कोकमासोबत उन्हात ठेवलेली बाटली

हे आत्ताच्या आत्ता सांगितलं नाही तर मला आजचा डबा घशाखाली उतरणार नाही. सर मीटिंगला गेलेत, खात्यातला कॉम्प्युटर रिकामा आहे, त्यात मराठी फॉन्ट कालच कुणीतरी टाकलाय आणि भित्तीपत्रकाला पान हवंच आहे. म्हणून मी सुटलेय टाइप करत. चुका दिसल्या तर पेनानं दुरुस्त करून वाचा.

परवा मी नवी मुंबईहून आले. तुमच्यातल्या बहुतेकांनी ती पाहिली नसेल. मीही पाहिली नव्हती. गेले होते एक बाटली घेऊन, आणि सगळी गोष्ट त्या बाटलीचीच आहे.

बाटलीत पॉरफिरिन होतं. नावाला घाबरू नका. हादग्याचा फेर आठवा. चार मुली हात धरून गोल उभ्या आहेत, तसे चार छोटे रेणू हात धरून गोल उभे राहिले की झालं पॉरफिरिन. आपण फेराच्या मध्ये हत्ती ठेवतो ना, तशी इथंही मध्ये जागा असते. तिथं लोखंड बसलं तर रक्ताचा लाल रंग होतो. मॅग्नेशियम बसलं आणि फेरात थोडा फरक केला तर पानाचा हिरवा. माझ्या फेरात मध्ये धातू नव्हता, नुसते दोन हायड्रोजन अंग चोरून बसलेले. असा फेर जांभळा दिसतो, कारण तो उजेडातला निळा-जांभळा भाग हावरटासारखा गिळतो, हिरव्या-पिवळ्यातलं थोडं थोडं चाखतो आणि उरलेलं आपल्या डोळ्यांकडे पाठवतो.

हे मी स्वतः बनवलेलं. प्रोपिऑनिक ॲसिडमध्ये उकळताना असा वास सुटतो, की आठवडाभर मेसमध्ये माझ्या शेजारी कुणी बसत नव्हतं. सगळ्या डांबरासारख्या राड्यातून शेवटी चिमूटभर जांभळं हाती आलं, तेही क्लोरोफॉर्ममध्ये विरघळलेलं. ते वाळवून खडे करायला आपला पाण्याच्या नळावरचा पंप लागतो, आणि मे महिन्यात आपल्या खात्याच्या नळाला पाणी किती असतं ते तुम्हाला माहीत आहे. म्हणून होतं तसंच एका पांढऱ्या काचेच्या बाटलीत भरलं, बुचावर टेप गुंडाळली आणि वरून काळा कागद. सगळंच्या सगळं त्या एका बाटलीत.

आपलं उजेड मोजायचं यंत्र दिवाळीपासून बंद आहे. सरांच्या ओळखीच्या बर्वे मॅडम बेलापूरच्या एका प्रयोगशाळेत आहेत, त्यांनी मला एक सकाळ दिली होती. सरांनी निघताना साफ सांगितलं होतं. ग्राफ स्वच्छ आला आणि उजेडात माल काम करतोय असं दिसलं, तर पीएच.डी.ला हाच विषय. नाहीतर साबणाचा फेस. फेसावरचं जाडजूड पुस्तकसुद्धा त्यांनी लायब्ररीतून काढून माझ्या टेबलावर ठेवलं होतं. साबणावर माझा राग नाही, पण मला तो विषय नको होता.

पनवेलपर्यंत

सोबत नाझनीन होती. आपली नाझनीन, माझ्या शेजारच्या टेबलावर काम करते ती. तिचं घर उरणला, म्हणून राहायची सोय तिच्याकडे. प्रवासाचं फार सांगत नाही, एसटी म्हणजे एसटी. फक्त एवढं झालं, की कराडला शेजारी बसलेल्या बाईंना माझ्या मांडीवरच्या काळ्या पुडक्याचा संशय यायला लागला. त्या सारख्या बघायच्या आणि अंग आकसून घ्यायच्या. शेवटी मी कागद काढून दाखवला. त्यांनी बाटली खिडकीपाशी धरून पाहिली, छान आहे म्हणाल्या, कशावर लावायचं असतं म्हणून विचारलं. बाटली परत घेताना कागद फाटला. मी म्हटलं जाऊ दे, पिशवीत अंधारच आहे की. नाझनीन झोपली होती, नाहीतर तिनं तिथंच माझी चंपी केली असती.

पनवेलला उतरून उरणची बस धरली. रस्ते एवढे रुंद, की पलीकडे जायचं म्हणजे आधी मनाची तयारी करावी लागते. कंटेनरवाले ट्रेलर एकामागून एक, आपल्याकडे सीझनला उसाच्या बैलगाड्या असतात तसे, फक्त प्रत्येकावर परदेशी अक्षरं. मध्येच खाडी, मिठागरात मिठाचे पांढरे ढीग आणि त्यांच्या मागे एकदम नवीकोरी बिल्डिंग, जिच्या एकाही खिडकीत कपडे वाळत नाहीत. आपल्याकडे पत्ता म्हणजे तालीम, गल्ली, अमक्याच्या घरामागे. तिकडे बसमध्ये एक काका दुसऱ्याला पत्ता सांगत होते तो सगळा आकड्यांचाच होता. सेक्टर एवढा, प्लॉट तेवढा. त्याला तो पटकन कळलासुद्धा.

उरण

नाझनीनच्या आईंना मी काकू म्हटलं, तर त्यांनी दारातच अडवलं. काकू शेजारणीला म्हणायचं, मला खाला म्हण, म्हणजे मावशी. खाला बुटक्या, चटपटीत, डोक्यावरची ओढणी सारखी सारखी करत बोलतात. एका वाक्यात दोन प्रश्न आणि दोन्हींची उत्तरंही त्याच देतात. जेवायला तांदळाची भाकरी होती, आपल्या भाकरीच्या अर्ध्या जाडीची आणि रुमालासारखी घडी होणारी. मी ती आपल्यासारखी चुरायला गेले तर नाझनीनचे अब्बा म्हणाले, "अगो, ती भाकरी हाय, तिचा काय गुन्हा?" सोबत कोलंबी, तळलेले बोंबील, आणि शेवटी सांदण. तांदळाची वाफवलेली गोड इडली समजा, पण इडली म्हटलेलं त्यांना आवडत नाही. मी एकदा म्हटलं. परत म्हटलं नाही.

दुसऱ्या दिवशी बेलापूरला जाऊन बर्वे मॅडमना नुसतं भेटून यायचं होतं, वेळ पक्की करायला. बाटली उगाच बसमध्ये हलवायला नको म्हणून घरी पिशवीतच ठेवली. आता नीट ऐका. माझ्या आईनं खालांसाठी काकवीची बाटली दिली होती. ती मी वर्तमानपत्रात गुंडाळून पिशवीच्या तळाला ठेवली होती आणि आदल्या दिवशी द्यायची विसरले होते. निघता निघता चपला घालत ओरडले, की खाला, पिशवीत आईनं तुमच्यासाठी बाटली दिलीय, काढून घ्या. आणि पळाले.

मॅडमची भेट नीट झाली. वेळ ठरली, दुसऱ्या दिवशी सकाळची. येताना नाझनीननं मला सीवूड्सच्या खाडीकडे नेलं. तिथं खाडीकाठी तिवराची झाडं आहेत, मुळं चिखलातून वर काढून श्वास घेणारी. मी त्यांच्या पानांकडे बघून तिला सांगत बसले, की ही सगळी माझीच भावंडं, फक्त मध्ये मॅग्नेशियम बसलेली. ती म्हणाली, भावंडांना टाटा कर, बस सुटेल.

घरी पोचलो तेव्हा दुपार कलत होती. मी पिशवी उघडली. तळाला वर्तमानपत्रातली काकवी तशीच. वरची बाटली नव्हती.

खाला म्हणाल्या, बाटली ना, ती काय वर गच्चीत. छान हाय, आईला सांग. पण जरा पातळ दिसली, म्हटलं अजून ऊन खाल्लं नाय.

तुम्हाला अमृतकोकम कसं करतात ते माहीत असेल-नसेल. कोकमाच्या साली साखरेत घालून काचेच्या बरणीत भरायच्या आणि ती बरणी रोज कडक उन्हात ठेवायची. साखर विरघळत जाते, जांभळट लाल पाक सुटतो. उरणला मे महिन्यात गच्चीवर हेच चालू असतं. खालांच्या गच्चीवर बरण्यांची रांग होती, प्रत्येकीच्या तोंडाला मलमलचं फडकं बांधलेलं. रांगेच्या टोकाला, सगळ्यात चांगलं ऊन येतं त्या जागी, पाहुण्याचा मान म्हणून माझी बाटली.

ती हिरवी झाली होती.

थोडीशी नाही. अस्सल, गडद, पोपटाच्या पंखासारखी हिरवी. सकाळी जांभळी होती. मी गच्चीच्या जिन्यावर बसले. मला रडू आलं नाही, मला फक्त साबणाचा फेस दिसायला लागला.

खाला मागून आल्या. बाटलीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. "काय झाला गो? सडला काय?"

नाझनीननं त्यांना सांगितलं, की अम्मा, ते कोकम नाही, ते हिचं कॉलेजचं काम आहे. त्या खाली गेल्या, वर आल्या, ओढणी सारखी केली, परत खाली गेल्या. मी म्हटलं खाला, कागद मीच काढला होता, बाटली तुम्ही काढून घ्या असंही मीच सांगितलं होतं. पण त्यांच्या डोक्यात ते शिरत नव्हतं.

नाझनीन माझ्याशेजारी बसली. मग आम्ही दोघी, जसं लॅबमध्ये करतो तसं, मोठ्यानं विचार करायला लागलो. ती म्हणाली, जळलं असतं तर हिरवं कशाला होईल? रंग उडून पिवळट मातकट झालं असतं. मी म्हटलं, बरोबर. मग हिरवं कधी होतं? आणि दोघींच्या तोंडून एकदमच आलं, ॲसिड.

क्लोरोफॉर्म उन्हात नासतं आणि त्यातून थोडं ॲसिड सुटतं. उजेड पकडणारा माझा माल त्यातच होता, म्हणजे त्या नासण्याला हातभारच. आता हादग्याचा फेर परत आठवा. मध्ये दोघे बसले होते, त्यात ॲसिडनं आणखी दोघे आणून कोंबले. जागा तेवढीच. मग काय होणार, फेर वाकडातिकडा होतो, हात ताणले जातात. फेराचा आकार बदलला, की तो उजेडातला वेगळा भाग गिळतो. लाल जास्त गिळायला लागला, म्हणून हिरवा दिसला. फेर तुटलेला नसतो. आगंतुक दोघांना बाहेर काढलं की परत जांभळा.

निदान पुस्तकात तसं आहे.

मी जिन्यावरूनच ओरडले, खाला, खायचा सोडा आहे का?

सोडा होता. खोकल्याच्या औषधाची रिकामी बाटली उकळून, कोरडी करून घेतली. त्यात हिरव्याचे थोडेसे थेंब, वर सोड्याचं पाणी. नाझनीननं अंगठा झाकणावर दाबून हलवलं. बुडबुडे आले. ठेवलं. क्लोरोफॉर्म पाण्यापेक्षा जड, ते खाली बसलं, आणि खाली बसता बसता जांभळं झालं.

मी नाझनीनला मिठी मारली, ती म्हणाली बाटली सांड आता तेवढी. मग सगळा माल तसाच धुतला, दारंखिडक्या उघड्या टाकून, काचेच्या एका बरणीत, जी खालांनी नंतर भंगारात टाकायचं कबूल केलं. शेवटी मिठाच्या पाण्यानं. लॅबमध्येही आपण तसंच करतो, फक्त हे मीठ आम्ही बसमधून पाहिलेल्या ढिगांतलं. खालांनी मला काळा कागद आणून दिला. कुठून आणला विचारलं तर म्हणाल्या, अब्बाच्या एक्सरेचा हाय.

पण खरं सांगू, मन शांत नव्हतं. रंग परत आला म्हणजे सगळं परत आलं असं नाही. उन्हानं आतून किती खाल्लं, ते डोळ्यांना दिसत नाही. ते फक्त यंत्र सांगणार होतं.

बेलापूर

सकाळी निघताना खाला दारात तयार. मी येनार. नाझनीन म्हणाली अम्मा, तिथं तुला बसायला खुर्चीही नसेल. खाला म्हणाल्या, उन्हात मी ठेवला, काय झाला ता मी बघनार.

बर्वे मॅडम साठीकडे झुकलेल्या, सुती साडी, चष्मा दोरीला. मी आधीच सगळं सांगून टाकलं, कोकमासकट. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. म्हणाल्या, "माझ्या इतक्या वर्षांत नमुने फुटले, सांडले, हरवले. वाळवणात पहिल्यांदाच गेला." मग खालांकडे वळून म्हणाल्या, तुम्ही या खुर्चीत बसा, इथून पेन दिसेल.

यंत्राचा पेन कागदावर रेघ ओढत जातो, डावीकडून उजवीकडे. आम्ही माल इतका पातळ केला होता, की काचेच्या चौकोनी कुपीत नुसती गुलाबी सावली दिसत होती. मी खालांना सांगितलं, की आधी एक उंच सुळका यायला हवा आणि मग चार लहान टेकड्या, उतरत्या उतरत्या. तेवढं आलं की मी वाचले.

पेन निघाला. एकदम वर चढला, सरळ, पार कागदाच्या टोकाशी, आणि तितकाच सरळ खाली. मग एक टेकडी. दुसरी, लहान. तिसरी. खालांनी ओढणीचं टोक दातात धरलं होतं. चौथी आली.

पण मॅडम वाकून बघत होत्या. सुळक्याच्या उजव्या अंगाला एक बारीकसा खांदा होता. त्या म्हणाल्या, थोडं हिरवं राहिलंय अजून. त्यांनी एका छोट्या बाटलीतून ॲसिड मारणाऱ्या अल्कलीचा एक थेंब घातला. त्याला मासळी बाजारासारखा वास येतो. खालांनी नाक उडवून म्हटलं, बोंबील हाय काय? मॅडम हसल्या. परत पेन चालवला. खांदा नव्हता.

उंचीवरून मॅडमनी हिशेब केला आणि म्हणाल्या, थोडंसं गेलंय, फार नाही. मग म्हणाल्या, चला, आता कामाला लावू याला.

हा भाग मला सगळ्यात जास्त सांगायचाय. त्यांनी दोन नळ्यांत एक पिवळं द्रावण घेतलं. एका नळीत माझा माल थोडासा घातला, दुसरीत नाही. दोन्हींसमोर दिवा लावला, पुढे नारिंगी काच, म्हणजे पिवळ्याला स्वतःला गिळता येणार नाही असाच उजेड आत जाईल. होतं असं, की पॉरफिरिन उजेड गिळतं, पण पोटात ठेवत नाही, शेजारच्या ऑक्सिजनच्या हातात देतं. तो ऑक्सिजन मग असा चवताळतो, की समोर येईल ते खातो. या नळीत समोर पिवळं होतं.

आम्ही चौघी वाकून बघत होतो. बिनमालाची नळी तशीच पिवळीधमक. माझ्या नळीतलं पिवळं हळूहळू फिकं व्हायला लागलं, जसं धुतल्या कपड्यावरचं हळदीचं बोट उन्हात जातं. शेवटी नुसता फिका गुलाबी रंग राहिला, माझ्या मालाचा स्वतःचा. दिवा बंद केला, की काम तिथंच थांबतं. मॅडमनी करून दाखवलं. बंद, चालू. त्या म्हणाल्या, परदेशात यावरून गाठीच्या आजारावर औषधं करतायत, नेमका तेवढ्याच जागी उजेड टाकायचा.

खाला बराच वेळ नळीकडे बघत होत्या. मग मला म्हणाल्या, "म्हंजे ह्याला ऊन लागताच. मी फक्त जास्त घातला."

मॅडमनी वर बघितलं आणि मला म्हणाल्या, हे वाक्य प्रबंधात घे.

बाहेर आल्यावर खाला परत पहिल्यासारख्या झाल्या. बसस्टॉपपर्यंत त्यांनी मला लग्न कधी करणार, घरचं साबण-तेल कोण आणतं, बर्वे मॅडम एकट्या राहतात का आणि ती चष्म्याच्या दोरीची आयडिया कशी चांगली आहे, एवढं सगळं एका दमात विचारलं.

परत खात्यात

निघताना खालांनी मला त्यांच्या बरणीतलं अमृतकोकम दिलं. बाटलीत भरून, बुचावर टेप गुंडाळून, वरून तसाच एक्सरेचा काळा कागद. कागद नको म्हटलं तर ऐकेनात. म्हणाल्या, आता मला कळला हाय.

काल सकाळी मी ग्राफ सरांपुढे ठेवला. सर ग्राफ वाचताना ओठ हलवतात. सुळक्यापाशी हलले, टेकड्यांपाशी थांबले, मग दिव्याच्या प्रयोगाचं मॅडमनी लिहिलेलं वाचलं. फेसाचं पुस्तक उचलून म्हणाले, हे लायब्ररीत परत कर, दंड लागेल. बस्स. एवढंच. मी दाराबाहेर जाऊन कॉरिडॉरमध्ये एक गिरकी मारली, शिपाईमामांनी पाहिली.

आज सकाळी सगळ्यांना सरबत करावं म्हणून खालांची बाटली शोधली. माझ्या टेबलावरच ठेवली होती. नव्हती. नाझनीनला विचारलं, तिला माहीत नाही. शेवटी सरांना विचारलं.

सर जरा रागावूनच म्हणाले, एवढ्या मेहनतीचा नमुना असा उघड्यावर टाकतात का? मीच उचलून अंधाऱ्या कपाटात ठेवलाय. आणि कुलूप लावलंय.

नाझनीन हसत हसत खाली बसली. मी अजून सरांना सांगितलेलं नाही. किल्ली त्यांच्याकडे आहे, मीटिंग संपायची आहे आणि सरबताचं पाणी माठात थंड होतंय. तेवढ्यात तुम्हीच सांगा, तुमची एखादी जिवापाड जपलेली वस्तू कुणी प्रेमानं, आपल्या घरच्या रीतीनं, दुसरीच समजून नीट ठेवून दिलीय का कधी? आणि मग ती मागायला तुम्ही कुठल्या तोंडानं गेलात?